शिल्लक किती?

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या बैठ्या बंगलीवर आम्ही एक मजला चढवायला काढला. मुलगी, जावई आणि नातू कायमचे इकडे येणार होते. कॉन्ट्रॅक्टरनं अंदाज दिला 24 लाखांचा. प्रॉव्हिडंट फंडातून तेवढेच निघत होते, त्यामुळे अंदाज मला फारच शास्त्रशुद्ध वाटला.

सहा महिन्यांत 12 लाख संपले. स्लॅब पडला होता, भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. काम फार तर एक तृतीयांश.

"काळजी कशाला करता साहेब? 12 गेले, 12 शिल्लक आहेत की!"

माझं भांडण या 'शिल्लक'शी आहे. अंदाजातून खर्च वजा केला की उरतात ते आपले पैसे. काम किती उरलंय, ते त्या पैशांना कुठं ठाऊक असतं? चिंचवडच्या कारखान्यात प्लॅनिंग खात्यात तीस वर्षं मी हेच ओरडत होतो. 24 लाखांतलं एक तृतीयांश, म्हणजे 8 लाखांचं काम झालं आणि त्याला 12 लागले. रुपया टाकावा तेव्हा साडेदहा आण्यांचं काम हाती येतंय. याच चालीनं गेलो तर गाडी 36 लाखांवर थांबणार. मॅनेजमेंटच्या पुस्तकात याला भारदस्त इंग्रजी नाव आहे. आमच्या शाळेत त्याला त्रैराशिक म्हणत आणि चुकलं की छडी मिळे. हल्ली मुदतवाढ मिळते.

"सुरुवातीचं काम महागच पडतं हो, पुढं भरून निघतं," असं सांगणारे शेजारी प्रत्येक आळीत असतात. पुढं काय असतं? टाइल्स, नळ, रंग, आणि सौ.ची शोरूमला भेट! यात भरून काय निघणार?

गोसीखुर्द धरण 1983 मध्ये 372 कोटींचं होतं. सुधारत सुधारत ते अठरा हजार कोटींच्या वर गेलं. सिडनीचं ऑपेरा हाउस 70 लाख डॉलरमध्ये व्हायचं होतं, 1973 मध्ये उभं राहिलं तेव्हा 10 कोटींच्या वर गेलं होतं. त्यांनी निदान लॉटरी काढून पैसे उभे केले. आपल्या नशिबी फक्त तिकीट घेणं. आमची मेट्रो 2016 मध्ये मंजूर झाली ती पिंपरीपर्यंतच. निगडीपर्यंतच्या साडेचार किलोमीटरला 2023 मध्ये 910 कोटींची वेगळी मंजुरी लागली. त्या हिशेबातलं मला कळत नाही. पण आमच्या अंदाजातही जिना धरलेला नव्हता, हे मला स्लॅब पडल्यावर कळलं.

बरं, शेवटचा आकडा आधी सांगणारा माणूस कुणालाच नको असतो. कारखान्यात मीटिंगमध्ये मी तो उच्चारला की साहेब म्हणायचे, "शुभ बोल नाऱ्या!" अहो, मांडवाचा एक खांब पेटलेला डोळ्यांनी दिसत असताना नाऱ्यानं काय मंगलाष्टकं म्हणायची? त्याला तेव्हाच बोलू दिलं तर निदान वऱ्हाड तरी बाहेर काढता येतं. सगळा मांडव जळाल्यावर 'सुधारित अंदाज' मांडतात, त्याला मी तेरावा म्हणतो.

हे सगळं मी कागदावर मांडून सौ.पुढे ठेवलं. तिनं कागद न बघताच विचारलं, "म्हणजे छत्तीस ना? मला स्लॅबच्या दिवशीच वाटलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पेढे वाटत होतात."

दोन खोल्यांऐवजी एकच करायची, असं आम्ही त्या रात्री ठरवलं. जावयांना अजून सांगितलेलं नाही. कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं, तर तो म्हणाला, "उत्तम! मग तर शिल्लकच शिल्लक!"