पूर्ण भाड्याचे लहान प्रवासी

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी लागली की जालन्याहून चिकलठाण्याच्या विमानतळाकडे निघालेल्या मोटारींत अलीकडे मध्यम स्थितीतील कुटुंबेही दिसू लागली आहेत. ती व्यापाऱ्यांची किंवा कारखानदारांचीच असतात असे नाही. परगावी नोकरीस लागलेल्या मुलाने आईवडिलांसाठी आणि भाचरांसाठी तिकिटे काढलेली असतात. एखादे शिक्षक दांपत्य साठवलेल्या पैशांतून मुलांना दिल्ली दाखवावयास निघालेले असते. एखादी आजी नातवंडांना घेऊन मुंबईमार्गे अमेरिकेतील लेकीकडे चाललेली असते. अशा घरांत प्रवासाच्या आदल्या रात्री जी तयारी चालते तिच्यात एका नव्या कामाची भर पडली आहे. मुलांसाठी मोबाइलमध्ये चित्रफिती भरून ठेवणे, हे ते काम. कपड्यांची एखादी घडी राहिली तरी चालेल, पण हे राहता कामा नये, अशी आईवडिलांची भावना असते.

या तयारीमागे भीती आहे. मूल विमानात रडले तर काय, ही ती भीती. अपरिचित माणसांची वळून पाहणारी नजर, कपाळावरची आठी आणि न बोलता दिलेला दोष यांना तरुण आईवडील, विशेषतः आई, फार भितात. त्यामुळे मूळ प्रश्नाचे रूपच पालटते. ‘प्रवासात मुलाला रमवावे कसे’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘मुलाला गप्प ठेवावे कसे’ हा पुढे येतो. हे दोन प्रश्न एकच आहेत असे वरवर वाटते. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. पहिल्या प्रश्नात मूल हा प्रवासी आहे. दुसऱ्यात ते सामान आहे.

मूल हे प्रवासी आहे, ही गोष्ट निदान तिकिटाच्या हिशेबात तरी सर्वांना मान्य आहे. एस. टी.त पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट लागते. रेल्वेतही अर्ध्या भाड्याची सवलत होती. पण २०१६ पासून मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतल्यास पूर्ण भाडे द्यावे लागते. विमानात दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसून जाते. दोन वर्षे पूर्ण झाली की त्याला स्वतंत्र आसन घ्यावे लागते, आणि स्वस्त दराच्या बहुतेक कंपन्यांत त्याचे भाडे प्रौढाइतकेच असते. जो पूर्ण भाडे देतो त्याचा त्या जागेवरचा हक्कही पूर्ण असला पाहिजे. व्यवहारात मात्र ज्याचे भाडे सर्वांइतके, त्याच्याकडून अपेक्षा ही की त्याने जणू तेथे नसल्यासारखे वागावे.

मूल विमानात का रडते याचे उत्तर पुष्कळदा शरीरशास्त्रातच सापडते. विमान दहा-अकरा हजार मीटर उंचीवरून जात असले तरी आतील हवेचा दाब साधारणतः अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवरील हवेइतका राखलेला असतो. विमान उतरू लागले की हा दाब वाढत जातो. मध्यकर्ण आणि घसा यांना जोडणारी नलिका लहान मुलांत अरुंद आणि आडवी असल्याने आतबाहेरचा दाब चटकन सारखा होत नाही, आणि कान ठणकू लागतो. गिळण्याने, चोखण्याने ही नलिका उघडते. म्हणून विमान उतरू लागताच तान्ह्या मुलाला अंगावर घ्यावे, मोठ्याला पाण्याचे घोट घेत राहावयास सांगावे, झोपलेले असेल तर जागे करावे. उतरण्याची ही क्रिया जमीन दिसण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. ज्या दुखण्यावर घोटभर पाणी हा उपाय आहे, त्यावर पडद्यावरची चित्रफीत दाखवून काय उपयोग?

पूर्वीच्या प्रवासाशी तुलना केली म्हणजे आजची अडचण अधिक स्पष्ट होते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून नव्वदच्या दशकातील रुंदीकरणापर्यंत जालन्यावरून जाणारा लोहमार्ग मीटरगेजचा होता. मुंबईस जाणाऱ्याला मनमाडला उतरून गाडी बदलावी लागे. गाठोडी, पाण्याची सुरई आणि पेंगुळलेली मुले यांसह फलाटावर काढलेली ती रात्र जुन्या पिढीच्या आठवणीत पक्की आहे. त्या प्रवासात मुलांना रमविण्याचे वेगळे साधन कोणाजवळ नव्हते. पण डबा होता. समोरासमोरच्या बाकांवर बसलेली माणसे तासाभरात ओळखीची होत. कोणी दशमी पुढे करी, कोणी कोडे घाली, कोणी मुलाला उचलून खिडकीशी धरी. मूल रडले तर चार अनोळखी हात पुढे येत. त्याला सांभाळण्याचे काम अवघ्या डब्यात वाटले जाई.

त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गर्दी, कोळशाची धूळ, पाण्याची टंचाई हे सारे त्याच प्रवासाचे भाग होते, आणि सर्वांत अधिक त्रास तेव्हाही बायकांनाच होई. तो प्रवास परत यावा असे कोणी म्हणणार नाही. पण डब्यातून विमानात जाताना वेळेची बचत झाली तशी एका गोष्टीची हानीही झाली. विमानात सर्वांची तोंडे एका दिशेला असतात. दिसते ती पुढच्या आसनाची पाठ. शेजाऱ्याशी बोलणे हे शिष्टाचारात बसत नाही. प्रत्येकाने आसनाबरोबर शांतताही विकत घेतली आहे असा सर्वांचा समज असतो. परिणामी जे ओझे डब्यात वाटले जात होते ते एकट्या आईच्या मांडीवर येऊन पडते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत रडणारे मूल हे ‘बाह्य परिणामा’चे उदाहरण म्हणता येईल, एकाच्या कृतीचा उपद्रव दुसऱ्याला होतो आणि त्याची किंमत कोणी चुकवीत नाही. परंतु रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात याच विचारातील एक उणीव दाखवून दिली. उपद्रव हा नेहमी दुहेरी असतो, असे त्याचे प्रतिपादन होते. एकाचा त्रास टाळावयाचा तर दुसऱ्यावर निर्बंध येतो, आणि तोही त्रासच होय. म्हणून दोहोंतील कोणता त्रास मोठा हे पाहिले पाहिजे. हा विचार विमानाला लावून पाहावा. प्रौढ प्रवासी कानात कापसाचे बोळे घालू शकतो, पुस्तक वाचू शकतो, पुढच्या वेळी दुसरी वेळ निवडू शकतो. दोन वर्षांच्या मुलापुढे यांतील एकही पर्याय नसतो. अरुंद आसन, बांधलेला पट्टा, कोरडी हवा आणि दुखणारा कान यांपुढे रडणे हेच त्याच्याजवळचे एकमेव साधन असते. ज्याला त्रास टाळणे स्वस्त पडते त्याने तो टाळावा, हा न्याय मान्य केला तर समजूतदारपणाचा पहिला हप्ता मोठ्यांनीच भरावयास हवा.

कंपन्यांचा कल मात्र दुसरीकडे आहे. इंडिगो कंपनीने २०१६ साली काही रांगा ‘शांत विभाग’ म्हणून राखल्या आणि तेथे बारा वर्षांखालील मुलांना जागा न देण्याचे ठरविले. तिकिटाच्या मूळ दरातून एकेक सोय वेगळी काढून तिची स्वतंत्र किंमत लावणे, ही स्वस्त विमानप्रवासाची रीतच आहे. खाणे, सामान आणि आसनाची निवड हे सारे वेगळे विकले जाते. त्यात अन्याय्य असे काही नाही, जोवर विकली जाणारी वस्तू ही खरोखर सोय असते. पण आईशेजारी बसणे ही सहा वर्षांच्या मुलाची सोय नव्हे, गरज आहे. तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागणे, किंवा पैसे मोजले नाहीत म्हणून मूल एका रांगेत आणि आई दुसऱ्या रांगेत बसणे, हे अनुचितच होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये, एकाच आरक्षणावर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईवडिलांपैकी अथवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यावी, असे कंपन्यांना सांगितले. प्रवाशांनी हा नियम माहीत करून घ्यावा आणि तिकीट काढतेवेळीच त्याची आठवण द्यावी. जपानमध्ये जपान एअरलाइन्सने २०१९ पासून निराळा मार्ग धरला. आसन निवडताना तान्ही मुले कोठे बसणार आहेत हे नकाशावर दिसते. ज्याला शांतता हवी त्याने दूर बसावे. मुलाला हाकलण्याऐवजी मोठ्याला निवड दिली, एवढाच फरक. पण तो लहान नाही.

आता पडद्याविषयी. मोबाइल हातात देताच मूल गप्प होते, यात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी केलेल्या शिफारशींत दोन वर्षांपर्यंत पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक बसवू नये, असे म्हटले आहे. मुंबईहून न्यूयॉर्कच्या परिसरात थेट जाणारे विमान पंधरा-सोळा तास उडते. एवढ्या प्रवासात थकलेल्या आईने एखादा तास पडद्याचा आधार घेतला तर तिला दोष देणे निर्दयपणाचे होईल. पण तासाभराच्या मुंबईच्या उड्डाणातही विमान हलण्यापूर्वीच मुलाच्या हाती मोबाइल जावा, हे मात्र विचार करण्यासारखे आहे. त्या तासात खिडकीबाहेर काय काय असते! शेतांचे तुकडे लहान होत जातात, नद्या रेघांसारख्या दिसू लागतात, आकाश निरभ्र असेल तर सह्याद्रीच्या रांगा खालून सरकतात. भूगोलाच्या पुस्तकात जे कष्टाने पाठ करावे लागते ते उघड्या डोळ्यांपुढे मांडलेले असते, आणि मूल त्या वेळी मान खाली घालून अशा चित्रफितीत गुंतलेले असते जी त्याला घरच्या ओसरीवरही पाहता आली असती.

पडद्याला पर्याय शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. वही-पेन्सिलीवर ‘नाव, गाव, फळ, फूल’ खेळता येते. फुल्ली-गोळा मांडता येतो. हलक्या आवाजात भेंड्या लावता येतात. हातभर दोऱ्याच्या बोटांवरच्या आकृत्या, घडीच्या कागदाची होडी, आजीने घातलेली कोडी यांना वीज लागत नाही की भाडे लागत नाही. जाणत्या मुलाकडे एक साधा नकाशा द्यावा आणि आपण आता कोठे असू याचा अंदाज बांधावयास सांगावे. खेळ एकदम बाहेर न काढता एकामागून एक काढावेत. नव्याची ओढ अर्धा तास तरी टिकते. आणि मधूनमधून मुलाला थोडे कंटाळूही द्यावे. स्वतःचा खेळ स्वतः शोधण्याची सवय कंटाळ्यातूनच लागते. अर्थात या साऱ्याला एक गोष्ट लागते, ती म्हणजे मोठ्या माणसाचा वेळ. मोबाइल वाचवतो तो हाच वेळ, आणि मुलाला हवा असतो तोही हाच. म्हणून हे काम एकट्या आईवर न सोडता वडिलांनी, आजोबांनी आपापला तास उचलावा.

विमान हा मूठभरांचा विषय आहे, असा आक्षेप यावर येईल. ज्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांतील कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि त्यांची मुले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसाराच्या सामानावर बसून शेकडो किलोमीटर जातात, तेथे विमानातील मुलांच्या करमणुकीची चर्चा कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही. त्या मुलांची शाळा बुडते. त्यांचा प्रश्न करमणुकीचा नाही, भवितव्याचा आहे, आणि तो अधिक निकडीचा आहे. पण दोन्हींच्या मुळाशी एकच वृत्ती आहे. मोठ्यांच्या प्रवासात मुलाची सोय शेवटी पाहावयाची, ही ती वृत्ती. शिवाय मोबाइल आता विमानापुरता राहिलेला नाही. एस. टी.च्या बाकावर आणि ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईसाठी सुरू झालेल्या वंदे भारत गाडीच्या डब्यातही तेच दृश्य दिसते. मुले गप्प आहेत, मोठी माणसे गप्प आहेत, आणि खिडकीबाहेर कोणाचे लक्ष नाही.

सुटीनंतर शाळा उघडली की शिक्षक मुलांना प्रवासवर्णन लिहावयास सांगतात. तोच निबंध प्रवासापूर्वी सांगितला आणि ‘खिडकीतून काय दिसले ते लिहा’ एवढी अट घातली, तरी पुष्कळ काम होईल. आणि ज्यांच्याबरोबर मूल नाही अशा प्रवाशांनीही, शेजारच्या रांगेत एखादे पोर रडू लागले तर आठी घालण्यापूर्वी त्याच्या आईला पाण्याची बाटली पुढे करावी, किंवा तिचे सामान वर ठेवून द्यावे. मनमाडच्या फलाटावर हे कोणी कोणाला शिकविले नव्हते.