मदतफेरीला पैसा, पूर्वतयारीला उपदेश

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रे वर जाऊ शकत नव्हती. भर पावसात, निसरड्या पायवाटेने चढूनच घटनास्थळी पोहोचावे लागत होते. त्या अंधारात जे वर चढले त्यांत आसपासच्या गावांतील तरुण होते आणि गिर्यारोहकांच्या स्वयंसेवी बचावपथकांतील माणसेही होती. दुसऱ्या दिवशी त्यांचे यथोचित कौतुक झाले. परंतु त्यांच्या खांद्यावरचा दोर, डोक्यावरचे हेल्मेट आणि हातातली बॅटरी यांचे पैसे कोणी दिले होते, हा प्रश्न कौतुकाच्या त्या गदारोळात फारसा कोणाला सुचला नाही. पुरोगामी म्हणविणाऱ्यांनाही तो सुचला नाही, हे येथे नोंदविले पाहिजे.

अशा पथकांचा पैसा बहुधा पथकातील माणसांच्याच खिशातून येतो. कोणी शिक्षक असतो, कोणी कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, कोणी दुकानदार. आपत्ती आली की ते रजा टाकतात आणि पगार बुडवून धावतात. हा त्याग वंदनीय आहे. मात्र त्यागावर एखादी रात्र निभावते, वर्षानुवर्षे चालणारी व्यवस्था उभी राहत नाही. आणि पूर्वतयारी ही अखंड चालणारी व्यवस्थाच असते. दोर वापरला नाही तरी काही वर्षांनी जुना होतो आणि तो टाकून द्यावाच लागतो. होडीचे इंजिन उन्हाळ्यात चालवून पाहिले नाही तर श्रावणात सुरू होत नाही. प्रथमोपचाराच्या पेटीतील औषधांची मुदत संपते. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली वृद्धा आहे, कोणत्या घरात गरोदर स्त्री आहे, याची यादी दर वर्षी घरोघर जाऊन नवी करावी लागते. ज्यांच्या दूरध्वनीवर इशारा जावयाचा त्यांचे क्रमांक बदलतात. स्वयंसेवकांचा विमा उतरवावा लागतो, नव्या मुलांना शिकवावे लागते. यांतल्या एकाही खर्चाचे छायाचित्र निघत नाही, आणि पैशाची खरी अडचण येथूनच सुरू होते.

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि डझनाहून अधिक माणसे बुडाली. होडी गावची होती. तीत क्षमतेहून अधिक माणसे चढली होती. मृत्यू दारात उभा असताना माणसे होडीत गर्दी करणार, त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. प्रश्न असा की, किती जणांनी चढायचे हे ठामपणे सांगणारा, ज्याचे गाव ऐकेल असा प्रशिक्षित माणूस प्रत्येक पूरप्रवण गावात तयार करण्यासाठी या राज्याने दर वर्षी किती पैसा बाजूला काढला? होडी विकत घेता येते. तो माणूस मात्र वर्षानुवर्षे घडवावा लागतो, आणि घडविण्याला नियमित खर्च येतो.

या खर्चाचे उत्तर म्हणून हल्ली एक सोपा मंत्र सांगितला जातो: कंपन्यांकडे जा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. २०१९ मध्ये त्या कार्यांच्या यादीत आपत्ती व्यवस्थापनाचाही समावेश झाला. मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की हा पैसा कोठे जावा हे पैसेवाला ठरवितो. कारखाना जेथे असेल तेथील भागाला प्राधान्य द्यावे असे कायदाच सुचवितो. म्हणजे ज्या डोंगरातील वाडीजवळ कारखाना नाही, तिच्या वाट्याला उत्तरदायित्वही नाही. शिवाय कंपनीला प्रकल्प हवा असतो. त्याला आरंभ, शेवट, फलक आणि अहवाल लागतो. पूर्वतयारीला शेवट नसतो. पाच वर्षे पूर आला नाही तर ‘निष्पत्ती काय?’ असा प्रश्न अधिकारी विचारतो, आणि कोणीही बुडाले नाही हे उत्तर त्याच्या तक्त्यात बसत नाही.

परदेशी निधीची वाटही २०२० च्या दुरुस्तीने अरुंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि एका संस्थेने आपला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. शहरातील मोठ्या संस्थेकडून खेड्यातील लहान पथकाकडे येणारा तो पाझर त्यामुळे आटला. त्यासाठी फार अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परक्याच्या दयेवर उभे असलेले कोणतेही काम एका अधिसूचनेने कोलमडते, हा धडा मात्र घेण्यासारखा आहे.

आता सरकारकडे वळावे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. आपत्ती येण्यापूर्वीच तिची धार बोथट करण्यासाठी राष्ट्रीय सौम्यीकरण निधी उभारण्याची तरतूद त्यात आरंभापासून होती. तो निधी प्रत्यक्षात स्थापन झाला २०२१ च्या फेब्रुवारीत! मधल्या पंधरा वर्षांत माळीण गाडले गेले, कोल्हापूर-सांगली बुडाली. याउलट २०२० च्या मार्चमध्ये पीएम केअर्स निधी काही दिवसांत उभा राहिला, आणि त्यातील देणगी कंपन्यांच्या सामाजिक खर्चात धरली जाईल असेही तत्काळ जाहीर झाले. मुख्यमंत्र्यांच्या निधीला दिलेली देणगी मात्र तशी धरली जाणार नाही, असे पुढच्याच महिन्यात कळविण्यात आले. इच्छा असली की शासनाचे हात किती चपळ होतात याचा याहून वेगळा पुरावा नको. राज्य सरकारचेही तेच. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा अतिवृष्टीने उद्ध्वस्त झाल्यावर गाळपाच्या उसावर टनामागे १० रुपये मुख्यमंत्री सहायता निधीसाठी आणि ५ रुपये पूरग्रस्तांसाठी घेण्याचे एका बैठकीत ठरले. पाणी ओसरण्यापूर्वी सापडणारा पैसा पाणी चढण्यापूर्वी का सापडत नाही?

वास्तविक पैसा कागदावर आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीकरिता १,६०,१५३ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातील १० टक्के पूर्वतयारी आणि क्षमताबांधणीसाठी, तर २० टक्के सौम्यीकरणासाठी राखले. परंतु या दहा टक्क्यांतील अमुक हिस्सा गावपातळीवरील पथकाच्या हाती हक्काने पडेल असा नियम नाही. ‘आपदा मित्र’ योजनेत देशभरातील ३५० जिल्ह्यांतून एक लाख स्वयंसेवकांना शिकविण्याचे ठरले. उपक्रम चांगला आहे. परंतु शिबिर संपल्यावर त्या तरुणाला पुढल्या वर्षी सरावासाठी कोण बोलावणार आणि त्या सरावाचा खर्च कोण देणार, याची हमी नसेल तर प्रशिक्षण हे प्रमाणपत्रापुरते उरते.

शेजारच्या बांगलादेशाकडे पाहावे. १९७० च्या नोव्हेंबरात भोल्याच्या चक्रीवादळाने तीन ते पाच लाख माणसे मारली. १९७२ मध्ये रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने किनाऱ्यावरील स्वयंसेवकांचे दल उभारण्यास आरंभ केला. वर्षभरात ती संघटना आर्थिक जबाबदारीतून बाजूला होऊ लागली. युद्धाने कंबरडे मोडलेल्या, तिजोरी रिकामी असलेल्या त्या नव्या राष्ट्राच्या सरकारने १९७३ च्या जुलैपासून ती जबाबदारी स्वतः स्वीकारली आणि रेडक्रॉसबरोबर तो कार्यक्रम चालू ठेवला. आज त्यात सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत, त्यांतील निम्म्या स्त्रिया. त्यांना वेतन नाही, मात्र त्यांना जोडून ठेवणारे कार्यालय, संदेशयंत्रणा आणि प्रशिक्षण यांचा खर्च देणगीदाराच्या लहरीवर सोडलेला नाही. १९९१ च्या वादळात १ लाख ३८ हजार माणसे गेली. २००७ च्या सिद्र वादळात मृतांचा आकडा काही हजारांवर थांबला. आश्रयगृहे आणि किनारी बांध यांचाही त्यात वाटा आहे, परंतु आश्रयगृहाकडे चला म्हणून दार ठोठावणारा कोणी तरी लागतोच.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो टाकाऊ नाही. सरकारी पैसा आला की सरकारी लगाम येतो. पालकमंत्र्यांचा पुतण्या पथकाचा प्रमुख होतो. ब्रिटनमधील जीवरक्षक नौकांच्या संस्थेने एकोणिसाव्या शतकात काही वर्षे सरकारी अनुदान घेतले, १८६९ मध्ये ते सोडले आणि पुढे ती सामान्य जनांच्या देणग्यांवर व मृत्युपत्रांतील दानांवर चालली. ती स्वतंत्र राहिली, कारण तिचे दाते असंख्य होते आणि त्यांतील एकालाही तिला वाकविता येत नव्हते. महाराष्ट्रालाही ही रीत परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृहे चालविली. ज्या घरातून मूठ आली, ते घर संस्थेचे झाले.

म्हणून पथकाचा पाया वर्गणीचाच हवा. रक्कम लहान, पण दरमहा, आणि हिशोब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविलेला. ज्या पथकाला स्वतःच्या गावातून शंभर घरांची वर्गणी मिळत नाही, त्याने कंपनीच्या दारात उभे राहण्यापूर्वी त्या शंभर घरांत जावे. परंतु वर्गणी हा सरकारच्या जबाबदारीला पर्याय नव्हे. कातकरी-ठाकर वाडीची मूठ रिकामीच असते, आणि दरड पहिल्यांदा तिच्यावरच येते. अशा वाड्यांच्या पथकांसाठी पूर्वतयारीच्या दहा टक्क्यांतून ठरावीक वाटा थेट ग्रामसभेच्या खात्यात, दर वर्षी, पावसाळ्यापूर्वी जमा झाला पाहिजे. त्याला मंत्र्याची शिफारस लागता कामा नये, आणि तो खर्च झाला नाही तर परत न जाता पुढल्या वर्षी दोरासाठी राहिला पाहिजे.

आणि समाजवादी कार्यकर्त्यांचे काय? पूर आला की झोळी घेऊन मदतफेरी काढण्यात त्यांनी कधी कुचराई केलेली नाही. तीच झोळी मार्च महिन्यात, आभाळ निरभ्र असताना काढायची आहे. लोक हसतील, नाणी कमी पडतील. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी दरडप्रवण आणि पूरप्रवण तालुक्यांतील पक्षशाखांनी आपापल्या ग्रामसभांत या वाट्याच्या मागणीचा ठराव मांडावा, आणि त्याच सभेत आपली पहिली वर्गणी जमा करावी.