विश्लेषण : चालता संगणक ‘कालबाह्य’ कसा ठरतो? विंडोज १० नंतर घर, सोसायटी, दुकानातल्या जुन्या पीसीचे काय करायचे?

मुलुंडमधल्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यालयात, पाच रस्त्याच्या आसपासच्या सीएच्या ऑफिसात किंवा स्टेशनजवळच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात डोकावले, तर आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक अजूनही राबताना दिसतो. देखभाल शुल्काची बिले, जीएसटीची विवरणपत्रे, लग्नपत्रिका, मुलांचे प्रकल्प असे सारे त्यावरच होते. या संगणकांत बिघाड झालेला नाही. तरीही १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्यातले बरेचसे संगणक सुरक्षेच्या दृष्टीने उघडे पडले आहेत. कारण त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला. याचा नेमका अर्थ काय आणि सामान्य वापरकर्त्यापुढे कोणते मार्ग आहेत?

नेमके काय संपले?

विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट तिच्यासाठी सुरक्षा सुधारणा पाठवत असे. त्या मोफत आणि आपोआप मिळत. हा पुरवठा दहा वर्षांनी थांबला. याआधी विंडोज एक्सपीचा पाठिंबा एप्रिल २०१४ मध्ये आणि विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये संपला होता. विंडोज १० बरोबरच ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपली. म्हणजे जुन्या संगणकावर जुने वर्ड-एक्सेल वापरणाऱ्यांना दुहेरी फटका बसला.

संगणक बंद पडलेला नाही, फायली गेलेल्या नाहीत. फक्त यापुढे सापडणाऱ्या त्रुटी कोणी बुजवणार नाही.

संगणक चालतो आहे, मग धोका कसला?

विंडोज १० आणि विंडोज ११ यांचा बराचसा गाभा सारखा आहे. विंडोज ११ साठी सुधारणा आली की हल्लेखोर तिची आधीच्या फायलींशी तुलना करून मूळ फट कुठे होती ते शोधतात. तीच फट विंडोज १० मध्ये असेल आणि ती बुजवली गेली नसेल, तर आत शिरण्याचा रस्ता त्यांना आयताच मिळतो. त्यामुळे हा धोका महिन्यागणिक वाढत जातो.

‘अँटिव्हायरस आहे ना’ हे उत्तर अपुरे आहे. विंडोजमधल्या डिफेंडरला नव्या विषाणूंची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. पण सोसायटीचा वॉचमन जागा असला तरी मागची भिंत पडलेली असेल, तर तो एकटा किती पुरणार? अँटिव्हायरस वॉचमनचे काम करतो, भिंत सुरक्षा सुधारणाच बांधतात.

अशा फटींची किंमत मुंबईने पाहिली आहे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. त्याने वापरलेल्या विंडोजमधील एका त्रुटीवरची सुधारणा मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. मात्र ती सर्वत्र बसवलेली नव्हती. एकदा आत शिरल्यावर हा विषाणू पासवर्ड चोरून इतर संगणकांवरही पसरत असे. मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे कोलमडले आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. मर्स्कला नंतर ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले.

मग सरळ विंडोज ११ का टाकता येत नाही?

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये मोफत उपलब्ध झाली, पण तिच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, ‘सिक्युअर बूट’ची सोय, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि मान्यताप्राप्त यादीतला प्रोसेसर या सगळ्यांची पूर्तता लागते. यादीत साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडी रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर आहेत.

खरी नाराजी इथे आहे. सातव्या पिढीचे संगणक २०१८ पर्यंत दुकानांत सर्रास विकले जात होते. तीनच वर्षांनी त्यांच्यासाठी पुढचा दरवाजा बंद झाला. त्यातल्या अनेकांत टीपीएम २.० आहे, रॅमही पुरेशी आहे. फक्त प्रोसेसर यादीत नाही.

आपला संगणक कुठे बसतो हे ओळखणे सोपे आहे. प्रोसेसरच्या नावात ‘आय५-७२००यू’ असे असेल तर तो सातव्या पिढीचा, ‘आय५-८२५०यू’ असेल तर आठव्या. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधनही स्पष्ट उत्तर देते. संगणक आठव्या पिढीचा असूनही टीपीएम नसल्याचे दिसत असेल, तर बऱ्याचदा ती चिप बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. ती सुरू केली की काम होते.

अटींना बगल देऊन विंडोज ११ टाकून देणारे तंत्रज्ञ आहेत. मात्र अशा संगणकाला पुढच्या सुधारणा मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. जुना लॅपटॉप ‘विंडोज ११ सह’ विकत घेताना म्हणूनच आधी प्रोसेसरची पिढी विचारावी.

मुदतवाढ कशी मिळते?

घरगुती वापरकर्त्यांसाठी ‘एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स’ ही योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तीत सामील होण्याचे तीन मार्ग आहेत. संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यावर सुरू केल्यास पैसे लागत नाहीत. कंपनीच्या रिवॉर्ड्स योजनेतले १,००० गुण वापरता येतात. किंवा एकदाच ३० डॉलर अथवा तेवढे स्थानिक चलन भरता येते. एका खात्यावर दहा संगणकांपर्यंत हा लाभ मिळतो. संगणकावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते. सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो.

मेख खात्याची आहे. अनेक ज्येष्ठ नागरिक वर्षानुवर्षे बिनखात्याचा संगणक वापरतात. त्यांना पैसे भरायचे असले तरी मायक्रोसॉफ्ट खाते उघडावेच लागते. मोफत मिळणारी ५ जीबी जागा सेटिंग्जसाठी पुरते, पण फोटो आणि कागदपत्रेही आपोआप वर जाऊ लागली की ती भरते आणि ‘जागा विकत घ्या’ असे संदेश सुरू होतात. नोंदणी करताना फक्त सेटिंग्ज निवडल्या तर हा त्रास टळतो.

युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांना हे वर्ष बॅकअपच्या अटीशिवाय मोफत मिळाले. तिथल्या ग्राहक संघटनांनी धरलेल्या आग्रहाचा तो परिणाम होता. भारतात ही सवलत नाही. कार्यालयांसाठी दर वेगळे आहेत. पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, तेही जास्तीत जास्त तीन वर्षे.

दुरुस्तीवर खर्च करणे कुठे परवडते?

जुना संगणक संथ होण्याचे सर्वात सामान्य कारण म्हणजे फिरती हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी बसवली की पाच मिनिटांनी सुरू होणारा संगणक मिनिटभरात सुरू होतो. ४ जीबी रॅमची ८ जीबी केली तर ब्राउझर अडखळत नाही. मात्र एआयच्या डेटा सेंटरकडून मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जोरात चढले. त्यामुळे लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी दोन-तीन ठिकाणी भाव विचारलेला बरा.

काही तक्रारींचा उपाय तर फारच स्वस्त असतो. संगणक सुरू केला की तारीख दहा वर्षे मागे जाते, बँकेचे संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ म्हणते, डिजिटल स्वाक्षरी नाकारली जाते. अशा वेळी बहुधा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

नियम साधा आहे. संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत असेल, तर एसएसडी आणि रॅमवरचा खर्च सार्थकी लागतो. बसत नसेल, तर त्यावर फक्त एसएसडीचा खर्च करावा. ती पुढे दुसऱ्या यंत्रातही वापरता येते.

मराठी डीटीपीवाल्यांची अडचण वेगळी का?

स्टेशनबाहेरच्या अनेक डीटीपी दुकानांत अजून पेजमेकर आणि श्री-लिपी चालते. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची. युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी फाँटमध्ये अक्षर साठवले जायचे ते इंग्रजीसाठीच्या संकेतांकात. फाँट त्यावर देवनागरीचे चित्र चढवायचा. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की निरर्थक चिन्हे दिसतात. वीस-पंचवीस वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका, अहवाल आणि अंक या स्वरूपात अडकले आहेत. म्हणून दुकानदार जुने यंत्र सोडत नाही. त्यामागे हट्ट नसतो, ग्राहकाचा जुना मजकूर परत लागतो.

यावर व्यवहार्य तोडगा म्हणजे ते यंत्र इंटरनेटपासून पूर्ण तोडणे. फायलींची ने-आण करताना मात्र ग्राहकाचा पेन ड्राइव्ह थेट त्या यंत्राला लावू नये. तो आधी अद्ययावत संगणकावर तपासावा. दरम्यान जुना मजकूर टप्प्याटप्प्याने युनिकोडमध्ये आणावा. हे काम लांबले आणि जुनी डिस्क बसली, तर फक्त संगणक जात नाही, मराठी मजकूरही जातो.

लिनक्स हा पर्याय आहे का?

घरगुती वापरासाठी निश्चित आहे. उबंटू २४.०४ आणि तिच्यावर आधारलेली लिनक्स मिंट २२ या प्रणाली मोफत आहेत आणि त्यांना २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. त्यांत देवनागरी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासून असतो. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्सही उपलब्ध आहे. ईमेल, यूट्यूब, नेट बँकिंग, पत्रलेखन एवढेच काम असेल, तर सातव्या पिढीचा संगणक लिनक्सवर आणखी काही वर्षे सहज चालेल. पेन ड्राइव्हवरून ती न बसवताही चालवून पाहता येते.

कार्यालयांचे गणित निराळे आहे. टॅली प्राइम विंडोजसाठीच बनते. डिजिटल स्वाक्षरीच्या काही यूएसबी टोकनना लिनक्सचे ड्रायव्हर आहेत, पण विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी ते प्रयोग करायला कोणी बसणार नाही. तिथे विंडोज ११ चालणारे एक तरी यंत्र लागतेच.

सोसायटी, क्लास, दवाखाना यांची जबाबदारी काय?

सोसायटीच्या संगणकात सभासदांचे फोन क्रमांक, पॅन, भाडेकरूंचे करार असतात. क्लासकडे मुलांची, दवाखान्यात रुग्णांची माहिती असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार अशी माहिती बाळगणाऱ्याने तिच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय करणे बंधनकारक असून त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख जबाबदाऱ्या दीड वर्षाच्या मुदतीनंतर लागू होणार आहेत. सुधारणा बंद झालेल्या संगणकावर सभासदांची माहिती ठेवणे ‘वाजवी’ ठरवणे तेव्हा कठीण जाईल. नव्या यंत्राचा खर्च वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून टाळला जातो. यंदा तो विषय सभेपुढे यायला हवा.

‘तुमचे विंडोज संपले आहे, लगेच पैसे भरा’ असे फोन आणि संदेश हा आणखी एक धोका. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून कोणाला असा फोन करत नाही. संगणकाचा ताबा दूरवरून देण्यास नकार द्यावा आणि फसवणूक झालीच, तर तातडीने १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करावी.

भंगारात देण्यापूर्वी काय करावे?

कॅनालिस या संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये वर्तवलेल्या अंदाजानुसार विंडोज १० च्या समाप्तीमुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या २२.३ टक्के कचऱ्याचेच रीतसर पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. कचरा साचला की काय होते, हे मुलुंडकरांना सांगायला नको. इथली क्षेपणभूमी २०१८ मध्ये बंद झाली, तरी साचलेला लाखो टन कचरा हलवण्याचे काम त्यानंतर वर्षानुवर्षे चालले.

साध्या ‘फॉरमॅट’ने डिस्कवरची माहिती पुसली जात नाही. ती परत काढता येते. संगणक विकताना हार्ड डिस्क काढून घरी ठेवणे हा सर्वात सोपा मार्ग. उरलेले यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच द्यावे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवरही आहे.

हा प्रश्न फक्त ग्राहकाचा आहे का?

नाही. फ्रिज किंवा पंखा किती वर्षे चालेल हे यंत्रावर ठरते. संगणकाचे आयुष्य आता सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी ठरवते आणि ते किती, हे विक्रीच्या वेळी ग्राहकाला कोणी सांगत नाही. युरोपीय संघाच्या सायबर लवचीकता कायद्यात साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा सुधारणा देण्याचे आणि ती मुदत जाहीर करण्याचे बंधन आहे. त्याची मुख्य कलमे डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, पण त्याचा भर सुटे भाग आणि दुरुस्तीच्या माहितीवर आहे. सुरक्षा सुधारणांचा कालावधी खोक्यावर छापण्याची सक्ती झाली, तर २०१८ मध्ये सातव्या पिढीचा संगणक घेणाऱ्यासारखी फसगत पुढच्या ग्राहकाची होणार नाही. वजन-मापांपासून घरखरेदीपर्यंत ग्राहक हक्कांसाठी भांडण्याची परंपरा मुंबईत आहे. तिच्या यादीत आता हा विषयही यायला हवा.

तोवर वापरकर्त्याच्या हाती तीन गोष्टी आहेत. महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेणे, मुदतवाढीची नोंदणी करणे आणि १३ ऑक्टोबर २०२६ नंतर हे यंत्र विंडोज ११ वर जाणार, लिनक्सवर जाणार की इंटरनेटपासून तुटणार, हे आताच ठरवणे.