आधी पाणी, मग पेज, यखनी शेवटी

लग्नसराई असो की ईदनंतरचा आठवडा, एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. दावतीहून परतल्यावर रात्रीतून उलट्या-जुलाब सुरू झाले, आता माणूस जरा सावरला आहे, तर त्याला खायला काय द्यावे? घरात तोवर दोन मते झालेली असतात. दादी म्हणतात, "पोरगा पार गळून गेलाय, पायाचा रस्सा द्या, ताकद येईल." शेजारच्या खाला म्हणतात, "दोन दिवस पाणीसुद्धा देऊ नका, पोट आपोआप बसेल." दोघीही मायेपोटीच बोलतात. पण पहिल्या सल्ल्याने जुलाब लांबतात आणि दुसरा सल्ला लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

उलट्या-जुलाबांत जो अशक्तपणा येतो तो मुख्यतः शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे येतो. म्हणून आधी ते भरून काढायचे, मग हलके अन्न द्यायचे आणि मांस, तूप, मसाला सर्वात शेवटी. हा क्रम पाळला तर बहुतेक माणसे दोन-तीन दिवसांत उठून बसतात, इन्शाअल्लाह.

पहिले काही तास: घोट घोट पाणी

उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबा. मग चमच्याने, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने, ओआरएस पाजायला लागा. तहान लागली म्हणून ग्लासभर एकदम प्यायला दिले की तेही उलटून पडते.

साधे पाणी का पुरत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. आतड्यात मीठ आणि साखर (ग्लुकोज) जोडीने शोषली जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही रक्तात जाते. जुलाब चालू असतानाही हा मार्ग बहुधा शाबूत राहतो. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या पडल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांनाच ते रुग्णांना पाजायला सांगितले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. औषधाच्या दुकानात काही रुपयांना मिळणारी पुडी ही त्याच उपायाची आजची आवृत्ती आहे.

पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती विरघळवा. मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी २०० मिलिलिटरची. अर्धी पुडी अंदाजाने वापरू नका. तयार द्रावण २४ तासांनंतर टाकून द्या. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चव पाहा. ते अश्रूंपेक्षा खारट लागले तर फेकून पुन्हा करा.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर आणि मोठ्यांना हवे तेवढे द्या. गुलाबाचे सरबत, थंड पेये आणि डब्यातले फळांचे रस मात्र देऊ नका. जास्त साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते.

भूक परतली की

उलट्या थांबल्या आणि रुग्णाने स्वतःहून काही मागितले की खायला द्या. मुद्दाम उपाशी ठेवू नका, आणि एका बैठकीत ताट भरूनही देऊ नका. दर दोन-तीन तासांनी वाटीभर पुरे.

भाताची पेज. कोकणातल्या आपल्या घरांना ती सांगायला नको. एक छोटी वाटी तांदूळ, आठ वाट्या पाणी. तांदूळ पार विरघळेपर्यंत शिजवा, रवीने घुसळा, मीठ घाला आणि कोमट असतानाच द्या. त्यातून पाणी, मीठ आणि सहज पचणारा स्टार्च, तिन्ही एकदम मिळते.

तलबीना. जवाच्या पिठाची ही पातळ खीर आजाऱ्याच्या आणि दुःखी माणसाच्या मनाला आराम देते, असे हजरत आयेशा (रजि.) यांच्या रिवायतीत आले आहे. आपल्याकडे ती दुधात करतात. पण पोट बिघडलेले असताना दूध पचवणारे आतड्याचे अस्तर काही दिवस दुबळे असते, दुधाने पोट फुगते आणि पुन्हा जुलाब लागतात. 'तलबीना' हे नाव दुधासारख्या पांढऱ्या, पातळ रूपावरून पडले आहे. तेव्हा ती पाण्यात केली म्हणून काही बिघडत नाही. दोन चमचे बारीक चाळलेले जवाचे पीठ थोड्या गार पाण्यात कालवा, दोन कप पाण्यात मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे ढवळत शिजवा, चिमूटभर मीठ आणि हवा तर चमचाभर मध घाला. एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच देऊ नका.

दुसऱ्या दिवशी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी द्या. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी सालीशिवाय मूगडाळ, सहा वाट्या पाणी, हळद, मीठ, थोडे जिरे. फोडणी नको. जोडीला पिकलेले केळे, उकडून कुस्करलेला बटाटा, वाफवलेले सफरचंद, साधा टोस्ट यांपैकी जे रुचेल ते. केळ्यातून आणि बटाट्यातून जुलाबांत गेलेले पोटॅशियम भरून येते. ताज्या दह्याचे, लोणी काढलेले पातळ ताक बहुतेकांना चालते.

आता दादींची यखनी. तिचा मान राखायचाच आहे, फक्त तिसऱ्या दिवशी. कातडी आणि चरबी काढलेल्या कोंबडीचे तुकडे, आले, मीठ आणि भरपूर पाणी एवढ्यावरच शिजवा. रस्सा गाळून फ्रिजमध्ये ठेवा, वर जमलेला चरबीचा थर काढून टाका आणि चांगला उकळून प्यायला द्या. पाया, निहारी, तळलेले पदार्थ, गरम मसाला, कडक चहा-कॉफी आणि कच्ची कोशिंबीर आठवडाभर लांब असू द्या.

मुले, वडीलधारी आणि रोजे

अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध कधीही तोडू नका, उलट जास्त वेळा पाजा. मुलांसाठी डॉक्टर दहा ते चौदा दिवसांचे झिंक देतात. जुलाब थांबले तरी ते पूर्ण द्या. जुलाब थांबवणारी गोळी मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नका. रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये. मागच्या खेपेची उरलेली अँटिबायोटिकही नको.

साखरेचा आजार आहे म्हणून ओआरएस टाळू नका, रक्तातली साखर तपासत राहा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर किती पाजायचे ते डॉक्टरांना विचारा.

रमजानमध्ये इफ्तारीनंतर पोट बिघडले तरी "रोजा सोडवत नाही" म्हणून सहरीविना दुसरा दिवस काढणारे वडीलधारे आपल्या घराघरांत आहेत. आजाऱ्याने रोजा पुढे कजा करावा, ही सवलत कुरआनच्या सूरह बकरामध्येच दिलेली आहे. अल्लाहने दिलेली सूट घेण्यात कसला कमीपणा?

खुणा ओळखा: सहा-आठ तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, घोटभर पाणीही न टिकणे, शौचातून रक्त, १०२ अंशांवर ताप, गुंगी, किंवा तीन दिवसांनंतरही न थांबलेले जुलाब. यांतले काहीही दिसले तर पेज-खिचडीच्या भरवशावर बसू नका, दवाखाना गाठा. तान्हे बाळ, गरोदर बाई आणि म्हातारी माणसे यांच्या बाबतीत तर एवढीही वाट पाहू नका.

देगीतला भात

दुपारची बिर्याणी रात्री गरम करून खाल्ली की झाले, असा समज आहे. शिजलेल्या भातातही काही जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात आणि भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात. उलट्या घडवणारे हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून उरलेली बिर्याणी दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभरातच, उथळ भांड्यांत पसरून फ्रिजमध्ये जाऊ द्या. वाटायची असेल तर तीही वेळेत वाटा.

शेवटचे सांगणे घरातल्या पुरुषांना. आजारी पडलेली बाई घरची स्वयंपाकीण असेल, तर जुलाब थांबल्यावरही दोन दिवस तिला चुलीपाशी जाऊ देऊ नका. तिच्या हातून हे दुखणे सगळ्या घराला लागू शकते आणि तिच्या अंगातही तेव्हा त्राण नसते. पेज शिजवायला फार मोठी कला लागत नाही. वर दिलेली मापे तिच्या नवऱ्यासाठी आणि मुलांसाठीही आहेत. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.