पंगत उठली, पत्ता नाही

लहानपणी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की बघता बघता गिधाडांची पंगत बसे. ती पंगत कधी उठली, ते आम्हा गावकऱ्यांना कळलेच नाही. कारण कोणी मोजलेच नव्हते. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ मध्ये या औषधाच्या गुरांवरील वापराला बंदी आली, तोवर बहुतेक थवे संपले होते.

म्हणून वाचकहो, एक विनंती. रायगड, नाशिक, गडचिरोलीत गिधाडे अजून तग धरून आहेत. दिसली तर तारीख, ठिकाण, संख्या मुलांकडून वहीत लिहून घ्या, वनखात्याला कळवा. घरट्याची जागा मात्र चारचौघांत सांगू नका. मी रिकाम्या आभाळाचीही नोंद करतो. न दिसणे हीसुद्धा बातमीच असते.