डेटा कॉपी मारला का?

तुळशीची लग्नं लागली की आपल्या धंद्यातही तारखांच्या वह्या भरू लागतात. सकाळी हळद, दुपारी लग्न, रात्री रिसेप्शन आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भलत्याच गावची ऑर्डर. कार्यालयातून परतल्यावर कुणीतरी विचारतं, "डेटा कॉपी मारला का?" आणि स्टुडिओतला सगळ्यात नवखा पोरगा मान डोलावतो. दोन लाखांचा कॅमेरा आपण त्याच्या हाती देत नाही. त्यातून निघालेलं कार्ड मात्र बिनदिक्कत सोपवतो.

नवख्यांनाच का बोल लावा? काही वर्षांपूर्वी मी स्वतः हा पराक्रम केला आहे. एका लग्नात एकाच कंपनीचे दोन कॅमेरे होते. दोन्ही कार्डांवर 'डीसीआयएम' फोल्डर आणि आत 'आयएमजी_०४१२' छापाची नावं. पहिल्या कार्डातल्या फाइल एका फोल्डरमध्ये ओढल्या, दुसऱ्यातल्याही तिथेच ओढल्या. याच नावाच्या फाइल आधीच आहेत, बदलायच्या का, असं कॉम्प्युटरने विचारलं. रात्रीचा दीड वाजला होता. मी 'हो' केलं. सप्तपदी गेली आणि तिच्या जागी जेवणाची पंगत येऊन बसली. पहिलं कार्ड फॉरमॅट केलेलं नव्हतं, म्हणून अब्रू वाचली.

यात कॅमेऱ्याचा दोष नाही. डिजिटल कॅमेऱ्यांनी फाइल कशा ठेवायच्या याचं १९९८ सालचं मानक आजही चालतं आणि त्यात फाइलच्या नावाला आठच जागा आहेत. चार अक्षरांना, चार आकड्यांना. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. भर हंगामात तीन-चार लग्नांत ही गिरकी पूर्ण होते. म्हणून इम्पोर्ट करतानाच नाव बदलायचं: तारीख, पार्टीचं आडनाव, कॅमेरा 'ए' की 'बी', मग क्रमांक. लाइटरूममध्ये हा साचा एकदा बनवून ठेवला की नंतर फक्त आडनाव टाकायचं राहतं.

लाइटरूम येऊन २००७ पासून इतकी वर्षं झाली, तरी 'माझे फोटो लाइटरूममध्ये आहेत' असं सांगणारे व्यावसायिक रोज भेटतात. फोटो तिथे नसतात. कॅटलॉग म्हणजे सातबारा. जमीन वेगळीच कुठेतरी पडलेली असते. कोणता फोटो कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि त्यावर काय काय संस्कार केले, एवढीच नोंद त्यात. डिस्क भरली म्हणून बाहेरच्या बाहेर फोल्डर हलवलं, की लाइटरूमला फोल्डरसमोर प्रश्नचिन्ह लावण्यावाचून गत्यंतर राहत नाही. फोल्डर हलवायचंच असेल तर लाइटरूममधूनच हलवा. आणि कॅटलॉगचा बॅकअप हा फोटोंचा बॅकअप नव्हे, हे टेबलासमोरच्या भिंतीवर लिहून ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे. इम्पोर्टच्याच खिडकीत दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर टाकण्याची सोय आहे. एका टिचकीचं काम, पण ती टिचकी देणारे थोडेच.

नवा कॅमेरा घेतलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. अनेक स्टुडिओंत अजून लाइटरूम ६ आहे, एकरकमी पैसे भरून मिळालेली शेवटची आवृत्ती. तिचे अपडेट २०१७ च्या अखेरीस थांबले. कॅननने 'सीआर३' ही नवी रॉ फाइल आणली २०१८ मध्ये. त्यामुळे नव्या कॅमेऱ्याचं कार्ड लावलं की जुनं सॉफ्टवेअर फाइल उघडत नाही आणि 'कार्ड करप्ट झालं' अशी बोंब उठते. कार्ड धडधाकट असतं. अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो. त्यातून फाइल काढल्या की जुन्या लाइटरूममध्येही उघडतात.

कार्डरीडरवर पैसे वाचवण्याचं कोडं मला कधी सुटलेलं नाही. सेकंदाला ३० एमबी वाचणाऱ्या रीडरवर ६४ जीबीचं भरलेलं कार्ड उतरायला पस्तीस मिनिटं लागतात, ९० एमबीच्या रीडरवर बारा. अर्धवट कॉपी झालेलं कार्ड उपसून घेण्याचे प्रकार त्या पस्तीस मिनिटांतच घडतात.

राहता राहिलं घड्याळ. एका कॅमेऱ्यात सकाळ-संध्याकाळचा घोळ असला, तर वेळेनुसार लावलेल्या फोटोंत वरात हळदीच्या आधी निघते. लाइटरूममध्ये निवडलेल्या सगळ्या फोटोंची वेळ एकदम सरकवता येते, पण किती सरकवायची हे कळायला हवं. त्यासाठी काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कॅमेऱ्याने एकाच मोबाइलच्या घड्याळाचा एकेक फोटो काढून ठेवा.

आणि कार्ड फॉरमॅट करण्याचा अधिकार स्टुडिओत एकाच माणसाकडे ठेवा. त्याने दोन्ही डिस्कांवरची फाइलसंख्या कार्डाशी ताडून, मधले-अधले फोटो पूर्ण आकारात उघडून पाहावेत, मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करावं. दुसरी डिस्क नसेल, तर पहिल्या ऑर्डरच्या बयाण्यातून ती आधी आणा.