४८ मिनिटांचा प्राध्यापक

मानधन! काय शब्द शोधून काढलाय या लोकांनी. नाक्यावरच्या मजुराला मजुरी मिळते, कारकुनाला पगार मिळतो, आमदाराला वेतन, भत्ते आणि वर पेन्शन मिळते. एम.ए., नेट, सेट, पीएच.डी. करून बसलेल्या आमच्या पोराला मात्र मानधन. त्यात मान किती आणि धन किती, हे विरारच्या फलाटावर सकाळी साडेसहाला उभ्या असलेल्या कुठल्याही तासिकावाल्या मास्तराला विचारून बघा. दोन शिव्या खायची तयारी ठेवा.

वसई-विरारमध्ये हा माणूस आता गल्लोगल्ली सापडतो. नालासोपारा पूर्वेच्या चाळीत राहतो. दारावर नावापुढे 'प्रा.' लिहिलेली पाटी आहे, आणि घरभाडं थकलंय. सकाळचे दोन तास विरारला, दुपारचा एक वसईला, आणि आठवड्यातून तीन दिवस उलट्या गाडीने पालघर. संध्याकाळी क्लासमध्ये बारावीच्या पोरांना शिकवतो, कारण खरी चूल तिथल्या पैशावर पेटते. तीन संस्थांची तीन हजेरीपत्रकं, तीन प्राचार्य, तीन शिपाई. यातला शिपाई कायम आहे, हे त्याला ठाऊक आहे आणि शिपायालाही ठाऊक आहे. म्हणून 'सर' म्हणताना शिपायाच्या ओठांच्या कोपऱ्यात जे हसू येतं ते त्याने बघून न बघितल्यासारखं करायचं.

मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात एक तास म्हणजे ४८ मिनिटं. या माणसाचं सगळं आयुष्य या ४८ मिनिटांत कापून विकलं जातं. त्या ४८ मिनिटांसाठी आदल्या रात्री तीन तास वाचलं, त्याचा हिशेब नाही. सकाळी सत्तर पोरांच्या गठ्ठ्यातल्या वह्या तपासल्या, त्याचा नाही. तास संपल्यावर जिन्यात एक पोरगी थांबली, 'सर, घरचे लग्न लावतायत, काय करू?' म्हणाली, तिच्याशी अर्धा तास बोलला, त्याचा तर नाहीच नाही. मिलमध्ये निदान भोंगा तरी होता. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंतचा वेळ मालकाचा, हे मालक कबूल करत होता. इथे मालक म्हणतो, तू तोंड उघडलंस तेवढ्याचेच पैसे.

आणि पाऊस. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरारच्या गाड्या बंद पडल्या, घराघरांत पाणी शिरलं. ज्यांची नोकरी पक्की होती त्यांना घरात बसून पाणी उपसताना निदान पगाराची चिंता नव्हती. तासिकावाल्याचे तास मात्र त्या पाण्यात वाहून गेले. तास झाला नाही म्हणजे पैसा नाही. दिवाळीची सुट्टी आली, पैसा नाही. परीक्षा सुरू झाली, वर्ग बंद, पैसा नाही. मे महिना तर या लोकांनी कॅलेंडरातून फाडूनच टाकावा. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं खूळ काढलं, निकाल महिनोन्महिने रखडले, शेवटी कुलगुरूंना जावं लागलं. तेव्हा जुलैत वर्ग थांबवून शिक्षकांना तपासणीला बसवलं होतं. वर्तमानपत्रांत पोरांचे हाल आले, ते यायलाच हवे होते. पण वर्ग थांबला की ज्याची चूल थांबते त्या मास्तराबद्दल एक ओळ शोधायला भिंग घ्यावं लागलं असतं.

आकडे बोलतात, तर त्यांनाच बोलू द्या. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, वर महागाई भत्ता, घरभाडं. बाहेरून बोलावलेल्या अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये द्यावेत, असं दिल्लीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ठरवलं. हे कागदावर. आपल्याकडे आठवड्याचे तास असे मोजून-मापून, अर्ध्या भाराच्या आत ठेवून देतात की माणूस कधी पुरता भरूच नये. भरला तर तो उद्या हक्क मागेल ना! आणि ही रक्कमसुद्धा दर महिन्याला येत नाही. बिल भरायचं, सही घ्यायची, फाईल विभागीय सहसंचालकाच्या कार्यालयात जायची, त्रुटी निघायची, परत यायची. जूनमध्ये शिकवलेल्याचे पैसे दिवाळी उलटल्यावर हातात पडले तर पेढे वाटायचे. विनाअनुदानित वर्गांची गोष्ट याहून वेगळी. तिथे सरकारी दरसुद्धा नाही, संस्थेच्या मनात येईल तो दर.

बाईमाणूस असेल तर आणखी एक गाठ. सात-आठ महिन्यांच्या पोटाने विरार लोकलच्या लेडीज डब्यात घुसून बोरिवलीपर्यंत उभं राहायचं आणि रजेचं विचारलं की उत्तर मिळतं, 'मॅडम, तुमची ऑर्डर तर मार्चपर्यंतच आहे.' नाही म्हणत नाहीत. हीच तर या व्यवस्थेची हुशारी आहे. पूर्वी तोंडावर 'नाही' म्हणायचे. आता ऑर्डरची तारीख दाखवतात.

पण हे सगळं सोसून पोरं वर्गात का जातात? मूर्ख आहेत का? नाहीत. तिथे काहीतरी घडतं म्हणून जातात, आणि ते आम्ही इथे लिहिलं नाही तर हे टिपण खोटं ठरेल. वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत रात्रपाळी करून सकाळी वर्गात येणारा पोरगा पहिल्या बाकावर झोपतो. मास्तर त्याला उठवत नाही. तोच पोरगा सहा महिन्यांनी उठून विचारतो, 'सर, गाळ्यात आम्हाला मिळतं ते किमान वेतन आहे का, ते कसं काढायचं?' अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं एक प्रकरण त्या दिवशी पुस्तकातून बाहेर पडून चालायला लागतं. जव्हार-विक्रमगडकडची वारली पोरगी, घराण्यातली पहिली कॉलेजात आलेली, पहिलं वर्ष एक शब्द बोलत नाही. तिसऱ्या वर्षी सेमिनारमध्ये फळ्यासमोर उभी राहते आणि तिचा आवाज मागच्या भिंतीला लागतो. हा आनंद कुठल्या बिलात लिहायचा?

इतिहासाचा असाच एक तासिकावाला आमच्या माहितीतला आहे. तो दरवर्षी एका रविवारी पोरांना सोपाऱ्याच्या स्तूपावर नेतो. त्या दिवसाचं एक पैसाही मिळत नाही, रिक्षाचे पैसे वर जातात. गाव ज्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत आलं, ते टेकाड १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी खणलं आणि आतून दगडी पेटी, तिच्यात करंडक, बुद्धमूर्ती निघाल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच साली सोपाऱ्यात सापडला, नवव्याचा १९५६ साली. हो, १९५६! धर्मांतराचंच साल. आठव्या लेखात अशोक सांगतो की आधीचे राजे शिकारीला, मौजेला फिरायचे, मी मात्र धम्मासाठी यात्रा सुरू केली. मास्तर हे सांगतो तेव्हा नालासोपाऱ्याच्या चाळीतली पोरं एकमेकांकडे बघतात. ज्या गावाची टिंगल आख्खी मुंबई करते, ज्याचा पत्ता सांगितला की नोकरीच्या मुलाखतीत समोरच्याचा चेहरा बदलतो, त्या गावात दोन हजार वर्षांपूर्वी हे लिहिलेलं होतं. त्या मास्तराचा वर्षातला सगळ्यात चांगला तास वेळापत्रकातच नसतो.

मग घरी यायचं. आय विचारते, 'आरं, कवा पर्मनंट व्हनार तू?' तिने धुणीभांडी करून शिकवलेलं असतं. तिला तासिका म्हणजे काय हे कसं समजावणार? ती म्हणते, साहेब झालास ना, मग साहेबाला पगार का नाय? बाईचा प्रश्न साधा आहे. शिक्षणमंत्र्याला झेपणार नाही इतका साधा.

आता स्टाफरूम. तिथे अस्पृश्यता नाही. कोण म्हणतो आहे? चहा सगळ्यांना एकाच किटलीतून येतो. फक्त भिंतीलगतच्या कपाटांवर कायमवाल्यांची नावं असतात, आणि तासिकावाल्याने आपली पिशवी मांडीवर ठेवायची. फक्त पहिल्या दिवशी कोणीतरी आडनाव विचारतं, आणि आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतं. फक्त कोणीतरी हसत म्हणतं, 'तुमचं काय बाबा, तुमचं होऊन जाईल, कोटा आहे.'

या हसणाऱ्यांना थोडा इतिहास सांगू. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला एक प्राध्यापक होते. कोलंबियाची पदवी, महिना ४५० रुपये, आणि नेमणूक तात्पुरती. प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी त्यांनी प्यायला काही सहकाऱ्यांची हरकत होती. सुरुवातीला ज्यांनी त्यांना हलक्यात घेतलं, तीच पोरं नंतर त्यांच्या तासाला कान टवकारून बसू लागली, दुसऱ्या कॉलेजांतली पोरं परवानगी काढून ऐकायला येऊ लागली. पगारातून पैसे साठवून ते पुन्हा लंडनला गेले. परत आल्यावर १९२५ ते १९२८ बाटलीबॉयच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला, १९२८ साली सरकारी लॉ कॉलेजात अर्धवेळ शिकवलं, आणि १९३५ साली त्याच कॉलेजचे ते प्राचार्य झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही तात्पुरत्या आणि अर्धवेळ प्राध्यापकीतून जावं लागलं. त्यांची तसबीर प्राचार्यांच्या केबिनमध्ये लावून, तिच्याखाली बसून, आज त्यांच्या नातवंडांच्या वयाच्या पोरांना अकरा महिन्यांच्या ऑर्डरी वाटल्या जातात.

आणि कोट्याचं म्हणाल तर तेही नीट ऐका. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने निकाल दिला की आरक्षण मोजताना आख्खं विद्यापीठ धरायचं नाही, एकेक विभाग धरायचा. ५ मार्च २०१८ ला अनुदान आयोगाने तसं परिपत्रक काढलं. यालाच तेरा बिंदूंचा रोस्टर म्हणतात. त्यात चौथी जागा ओबीसीची, सातवी अनुसूचित जातीची, आणि आदिवासीचा नंबर चौदावा. आता सांगा, किती विभागांत सात जागा असतात? मराठीत तीन, इतिहासात दोन, तत्त्वज्ञानात एक. म्हणजे आरक्षण आहे, कागदावर ठसठशीत आहे, फक्त तुमची पाळी कधी येणारच नाही. पोरं रस्त्यावर आली, ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला, दोन दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी केंद्रीय संस्थांसाठी कायदा झाला. रस्त्याने मिळवून दिलं, हे विसरू नका.

पण दरवाजा बंद करायची दुसरीही पद्धत आहे आणि ती जास्त सोपी आहे. जागाच भरायची नाही. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली अनुदानित कॉलेजांत ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या जागा भरायला परवानगी दिली. २०२० साली कोविडचं कारण सांगून भरती थांबली. २०२१ साली पुन्हा परवानगी आली ती उरलेल्या २,०८८ जागांना. म्हणजे तीन वर्षांत १,४९२. रिकाम्या खुर्चीला जात नसते. ती भरत नाहीत तोवर अनुशेषाचा प्रश्न कोणाच्याच अंगावर येत नाही. वर्ग चालू, पोरं पास, संस्थेचं नाव मोठं, आणि खुर्चीवर दर जुलैला नवा तासिकावाला. हा निव्वळ पैसे वाचवायचा प्रकार आहे असं कोणी म्हणत असेल तर त्याने रिकाम्या जागांची यादी प्रवर्गासकट मागून बघावी.

यात आपलेही काही लोक आहेत. झोंबेल, झोंबू द्या. आरक्षणातून लागलेला, प्रमोशन घेतलेला, वसई वेस्टला टू बीएचके घेतलेला आमचा प्राध्यापक १४ एप्रिलला निळा फेटा बांधून तास-तास बोलतो. त्याच्याच विभागातल्या तासिकावाल्याच्या निवेदनावर सही करायची वेळ आली की त्याला नेमकी मीटिंग असते. निवड समितीत मागासवर्गीय प्रतिनिधी म्हणून बसतो, खुर्ची भरतो, आणि आधीच ठरलेल्या नावावर मान डोलावून, प्रवासभत्ता घेऊन घरी येतो. सगळे असे नाहीत. स्वतःच्या पगारातून तासिकावाल्याचं भाडं भरणारेही आम्ही पाहिलेत. पण उपकाराने पोट भरतं, जागा भरत नाही.

तेव्हा दोस्तहो, काम. तुमच्या कॉलेजचा, विभागाचा रोस्टर माहितीच्या अधिकारात मागा. हा कायदा २००५ पासून आहे, दहा रुपयांत अर्ज होतो. अर्ज तासिकावाल्याच्या नावाने टाकू नका. त्याची पुढच्या वर्षीची ऑर्डर जाईल. विद्यार्थ्याने टाकावा, बाहेरच्या कार्यकर्त्याने टाकावा. मंजूर जागा किती, भरलेल्या किती, कोणत्या प्रवर्गाच्या रिकाम्या आणि कोणत्या सालापासून, एवढे चार प्रश्न पुरे.

आणि पुढच्या अंकापासून आम्ही एक पान उघडतो आहोत. तासिकेवर शिकवणाऱ्यांनी आपला एका महिन्याचा हिशेब पाठवावा. वर्गात किती तास, गाडीत किती, तपासणीत किती, जिन्यात पोरांशी बोलण्यात किती. मिळाले किती रुपये आणि हातात पडले कोणत्या तारखेला. नाव, कॉलेज काही छापणार नाही. कविता पाठवू नका, त्या दुसऱ्या पानावर घेऊ. हिशेब पाठवा, आणि अक्षर जरा लागेल असं काढा.